चौदा कलमांची स्कूटर

"यंत्र कधी रुसत नसतं. त्याला कारण असतं, आणि कारणाला क्रमांक देता येतो," असं सकाळी आठ वाजता बायकोला, बजाबाईंना, ऐकवून रामहरींनी वही उघडली.

शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक देण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. माणसांशी बोलायचं म्हटलं की त्यांच्या तळहाताला घाम सुटे. क्रमांकांशी मात्र त्यांचं चांगलं जमे. त्यामुळे अकरा दिवसांनी वेळापूरहून, बजाबाईंच्या भाचीचं लग्न उरकून परत आल्यावर जुनी गिअरची स्कूटर चालू होईना, तेव्हा त्यांनी मेकॅनिक बोलावला नाही. दोषशोधनाचं एक पुस्तक रात्रभर वाचून चौदा कलमांची यादी केली!

घाई होती. मुलगा युवराज अकराला नातेपुत्याहून येणार होता, सोबत शहाजी नावाचं गिऱ्हाईक घेऊन. फोनवर त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, की आप्पा, आम्ही येईस्तोवर चालू झाली तर ठेवा, नाहीतर शहाजी सुट्या भागांसाठी घेऊन जाईल. या वयात रिक्षाच बरी.

रिक्षा! रिक्षात बसायचं म्हणजे बोलायचं. गेल्या वर्षी शेअर रिक्षात रामहरींना आसरा चौकात उतरायचं होतं. "इथं थांबवा" हे दोन शब्द त्यांनी मनात पाच वेळा जुळवले, तोवर रिक्षा सात रस्त्याला पोचली. तिथं सगळेच उतरले, म्हणून तेही उतरले आणि भर उन्हात चालत परत आले. स्कूटरला मात्र काही सांगावं लागत नाही. ब्रेक दाबला की थांबते.

यादीतलं पहिलं कलम होतं, 'गाडी शेवटी ज्यानं हाताळली त्याला विचारावे.' शेवटी हाताळली ती आपणच, आणि आपल्याला काय कळतंय, असा विचार करून रामहरींनी त्यावर काट मारली.

दुसरं कलम पेट्रोल. पाइप काढून त्यांनी टाकीत होतं तेवढं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेतलं आणि उजेडात धरून मधासारखं निरखलं. पाणी नाही, कचरा नाही. 'ठीक' असं लिहून त्यांनी बाटली बजाबाईंकडे दिली आणि चुलीपासून लांब ठेवायला सांगितली.

बजाबाई बाटली घेऊन घुटमळल्या. "अहो, जाताना तुमी मागनं..."

"एका वेळी एकच गोष्ट," रामहरी म्हणाले. "आत्ता प्लग. बाकीचं चौदाव्या कलमात, 'इतर'मध्ये."

आपल्याला 'इतर'मध्ये घातलंय हे कळल्यावर बजाबाई भाकऱ्या थापायला निघून गेल्या. त्या दिवशी भाकरीवर पडणारी थाप जरा जास्तच जोरात ऐकू येत होती.

प्लग ठीक. ठिणगी ठीक, ती तपासताना रामहरींना असा झटका बसला की चष्मा तुळशीत जाऊन पडला, पण वहीत त्यांनी 'ठीक'च लिहिलं. एअर फिल्टर ठीक. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे निर्दोष होता आणि सगळे मिळून गाडी चालत नव्हती. शाळेच्या संचालक मंडळासारखंच!

नवव्या कलमावर शेजारचे बसवराज आले. हे अक्कलकोटचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तीस वर्षं ड्रायव्हरच्या मागं उभं राहिल्यामुळे इंजिनातलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी काही न विचारता स्कूटर धरली आणि लहान पोराला थोपटून झोपवावं तशी एका कुशीवर कलंडवली.

"बरतद सर, बरतद. येतीय बघा," ते कानडी मिसळून म्हणाले, आणि लगोलग चोकही ओढला.

रामहरींचं पेन वहीवरच थांबलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या! आता फरक पडला तरी तो कशानं पडला हे कळणार कसं? "पुन्हा दुसऱ्या कलमापासून," ते पुटपुटले. ते स्वतःलाच कसंबसं ऐकू आलं, बसवराजांना काय ऐकू येणार? ते दणादण किक मारत होते. रामहरींनी वहीत नवी नोंद केली, 'किक मारणारा.' बसवराजांनाही जमेना, तेव्हा पुढं लिहिलं, 'ठीक.' आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या बिघाडातून ते स्वतः निर्दोष सुटले होते. पण सुख फार टिकलं नाही. पावणेअकरा झाले होते. तेराव्या कलमापुढं त्यांनी घामेजल्या हातानं लिहिलं, 'कारण समजत नाही. बहुधा दोष माझाच.'

तेवढ्यात फाटक वाजलं. युवराज आला. मागून शहाजी, बरोबर दोर घेऊनच!

"काय आप्पा, न्यायची का मग?" युवराज म्हणाला.

रामहरींनी वहीत पाहिलं. एकच कलम उरलं होतं. घसा खाकरून त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "अगं... तू मघाशी काय म्हणत होतीस?"

बजाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. कुणाकडं न बघता स्कूटरच्या मागं वाकल्या आणि सायलेन्सरच्या नळीत दोन बोटं घालून त्यांनी सोलापुरी चादरीचा हातभर तुकडा ओढून काढला.

"जाताना तुमीच कोंबला की. उंदीर शिरंल म्हणून. सकाळपास्नं सांगायलेय."

बसवराजांनी किक मारली. पहिल्याच किकला स्कूटर अशी गरजली की शहाजीच्या हातातला दोर गळून पडला.

"एका किकला? मग सुटे भाग कशाला," शहाजी म्हणाला. "चालूच गाडी नेतो की. लई झ्याक हाय."

'विकायची नाही' हे दोन शब्द रामहरींनी मनात जुळवले. एकदा, दोनदा, तीनदा. शहाजी बैठकीवर हात फिरवू लागला. शेवटी शब्द फुटेना, म्हणून रामहरींनी मुकाट्यानं वही त्याच्या हातात दिली.

शहाजीनं उभ्याउभ्या सगळी वाचली. "हे सगळं आज सकाळपास्नंच?" त्यानं विचारलं. रामहरींनी मान डोलावली. शहाजीनं वही मिटून दोन्ही हातांनी परत केली. "नगं बाबा. एवढं लिहायला मला टाइम न्हाय."

युवराज हसला आणि त्यानं हात टेकले. गाडी राहिली!

त्या आनंदात रामहरी लगेच फेरी मारायला निघाले. मान ताठ, वही खिशात. कोपऱ्यापर्यंत गाडी बाणासारखी गेली, मग दोन आचके देऊन गप्प झाली.

रामहरी उतरले. त्यांनी वही काढली, पेन उघडलं. मग जरा थांबून मागं वळून पाहिलं.

बजाबाई फाटकात उभ्या होत्या, पेट्रोलची भरलेली बाटली हातात धरून. हाक मारत नव्हत्या. विचारायची वाट बघत होत्या.