बन्सीतात्यांचा विलायती वाडा

विलायतेतल्या एखाद्या सरदाराच्या महालात फिरताना दर दाराशी डबल बेल द्यायची असते, हे मला बन्सीतात्यांनी शिकवलं. बेल नसेल तर ती तोंडानं द्यायची. "टिंग टिंग! चला सर, जाऊ द्या." मग मी माउस दाबायचा आणि महालाचं पुढचं दालन आळस देत देत पडद्यावर उमटायचं.

सर म्हणजे मी. आष्टीच्या बसस्टँडमागं चार संगणकांचा क्लास चालवणारा. त्या दिवसांत टायपिंगच्या पाट्या उतरत होत्या आणि कॉम्प्युटरच्या चढत होत्या. पोराला इथं नेमकं काय शिकवणार, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत व्हायची, कारण मलाच ते पुरतं ठाऊक नव्हतं. म्हणून पुण्याच्या मावसभावानं दिलेली एक सीडी मी आल्यागेल्याला दाखवायचो. कुठल्याशा इंग्रजी मासिकाबरोबर ती फुकट आली होती. तिच्यात विलायतेच्या एका खेड्यातल्या टोलेजंग महालाची सफर होती. जुन्या काळच्या सरदार घराण्याची एक मालिका तिथं चित्रित झाली होती म्हणे. आपण दालनाच्या मधोमध उभे आहोत असं चित्र दिसायचं. माउस ओढला की चित्र गोल फिरायचं, दारावर टिचकी मारली की पुढची खोली.

बन्सीतात्या पेन्शनीचा अर्ज टाइप करून घ्यायला आले आणि मला दुर्बुद्धी झाली. मी ती सीडी त्यांनाही दाखवली.

तात्यांनी तीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टरकी केली, तीही एकाच रस्त्यावर. आष्टी, पाटोदा, मांजरसुंबा, बीड आणि परत. निवृत्त झाले तरी बेलची दोरी ओढायला हाताची दोन बोटं कानापाशी चिमट्यासारखी जायची आणि चार माणसं उभी दिसली की तोंडातून आपोआप निघायचं, "पुढं सरका, मधी थांबू नगा." तेराव्याच्या पंगतीतही म्हणायचे.

अर्ज राहिला बाजूला. तात्या खुर्ची ओढून बसले. "सर, ह्यो वाडा कुनाचा?"

"इंग्लंडातला आहे."

"आन् माणसं कुठं गेली समदी?"

खरंच, त्या चित्रात एकही माणूस नव्हतं. मी म्हणालो, "शूटिंग संपलंय, तात्या."

"संपलं न्हाई," तात्या टेबलावर मांडलेल्या ताटांकडं बघत म्हणाले. "जेवाय गेल्यात. ताटं बगा की."

दुसऱ्या दिवशी ते सात माणसं घेऊन आले.

तिथून माझे हाल सुरू झाले. मंगळवारी तर भजनी मंडळाच्या बाया आल्या. एरवी कोणीही दिसलं की त्याला तात्या आत घ्यायचे. संगणकाला धूळ चालत नाही म्हणून मी चपला बाहेर काढायला लावायचो. तात्यांनी त्याचा अर्थ भलताच लावला. "सरदाराचा वाडा हाय. जोडे भाईर." बाया डोक्यावरचा पदर सारखा करून आत यायच्या.

मग फेरी निघायची. महालाच्या खोल्यांना तात्यांनी थांब्यांची नावं दिली होती. फाटकातून आत शिरलं की आष्टी. आरसेमहाल म्हणजे पाटोदा. संगमरवरी जिना म्हणजे मांजरसुंब्याचा घाट. पुस्तकांच्या खोलीला त्यांनी कुठलंच नाव दिलं नाही. "हितं कोन उतरत न्हाई," म्हणायचे. माझ्याकडं त्यांनी ड्रायव्हरचं काम दिलं होतं आणि ते मी करावं तसं करत नाही अशी त्यांची तक्रार होती.

"जोरात वळवू नगा, सर. माणसं हायेत."

"चित्र आहे, तात्या!"

"चित्र आसलं म्हनून काय झालं? पोटात ढवळतंय."

मी ऐकलं नाही. घाटात माउस जरा झटक्यानं ओढला आणि भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्या आजींना खरोखर उलटी झाली. तात्यांनी शांतपणे खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. "घाटात व्हतंच आसं," ते बाकीच्यांना म्हणाले. "खिडकीची जागा द्या आजींना." आजींना उचलून खिडकीपाशी बसवण्यात आलं. माझी दहाची बॅच दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

वीज तर आमच्याकडं मन मानेल तेव्हा जायची. एकदा अर्ध्या जिन्यात गेली. पडदा काळा. मला वाटलं, सुटलो. तात्या उठून उभे राहिले. "गाडी बंद पडली. कुनी खाली उतरू नगा. धा मिनटात निघंल." माणसं दीड तास बसून राहिली. कुणीतरी शेंगा काढल्या. क्लासभर टरफलं झाली. वीज आली तेव्हा एक गृहस्थ विचारायला लागले, "आता परत आष्टीपसनं जायचं का?"

शेवटी मी खोटं बोललो. सीडी कपाटात टाकली आणि ती खराब झाली म्हणून सांगितलं. तात्या तीन दिवस माझ्या पायरीवर बसून राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "वाडा बंद हाय. सरांनी किल्ली हारवली." चौथ्या दिवशी बाजारात भाजीवाल्या मावशीनं वांगी तोलता तोलता विचारलं, "सर, घावली का किल्ली?" केस कापणाऱ्यानं विचारलं. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, तेही इंग्रजीत. मी सीडी काढली.

पण तेव्हाच एक अट घातली. रोज दुपारी तीन ते साडेतीन, त्याच्या पुढं नाही. साडेतीनला मुलींची बॅच होती. त्यांची दिवाळीनंतर परीक्षा होती. तात्यांनी मान हलवली आणि ती अट रोज मोडली.

दिवाळी झाली. उसाच्या तोडीला जाणारी माणसं ट्रकांत बसून गेली आणि गाव निम्मं रिकामं झालं. तात्यांची गर्दी कमी झाली, ते मला कळण्यासारखं होतं. पण उरलेल्या माणसांनाही ते आणेनात. एकटेच यायचे. डबल बेल नाही की थांब्यांची नावं नाहीत. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

प्रश्न मात्र निराळेच सुरू झाले. आरसेमहाल नको म्हणायचे. "सैपाकघर दावा." स्वयंपाकघर तळघरात होतं. भलीमोठी काळी चूल, भिंतीवर ओळीनं तांब्याची भांडी. तात्या चष्मा पुसून बघायचे. "ही भांडी घासतं कोन? पानी गरम आसंल का गार?" मला काय माहीत? "ह्या फरशीवर उभं ऱ्हायचं म्हंजे पायाला गारठा लागत आसंल, न्हाई?" मी घड्याळाकडं बघायचो.

एक दिवस तीनला आले ते बसलेच नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे. "सर, जिन्याच्या खाली एक बारकं दार हाय. तिकडं गेलतो का आपुन कधी?"

आम्ही कधीच गेलो नव्हतो. इतक्या वेळा त्या जिन्यावरून गेलो, पण ते भिंतीच्या रंगाचं दार मला दिसलंच नव्हतं. टिचकी मारली. अरुंद लाकडी जिना आला. आणखी एक टिचकी. पडद्यावर एक पोटमाळ्याची खोली हळूहळू उमटली. उतरतं छत. लोखंडी खाटा तीन, घडी केलेल्या करड्या घोंगड्या, कोपऱ्यात चिनी मातीचं भांडं, एक लहान खिडकी. खाली इंग्रजीत लिहिलं होतं.

"काय लिव्हलंय?"

"कामवाल्या मुलींची खोली."

तात्या खुर्चीत बसले. मी माउस सोडून त्यांच्याकडं बघितलं. ते पडद्याला नाक लावून म्हणाले, "शेगडी दिसत न्हाई."

"तात्या, काय झालंय?"

त्यांनी बंडीच्या खिशातून निळं विमानाचं पत्र काढलं, पण मला दिलं नाही. हातातच ठेवलं.

त्यांची लेक सुमन पुण्याला दवाखान्यात कामाला आहे, एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्यानं टाकल्यावर ती दोन वर्षं बापाकडं होती, मग पुण्याला गेली. दवाखाना वगैरे काही नव्हतं, ते तात्यांनी आता सांगितलं. एका कुटुंबाकडं ती लेकरं सांभाळायची. त्या घरच्या साहेबांना कॉम्प्युटरच्या कामावर विलायतेत बोलावलं आणि जाताना ते सुमनलाही घेऊन गेले. त्याला आता आठ महिने झाले होते.

"गावात सांगितलं न्हाई," तात्या म्हणाले. "लोकाची भांडी घासाय पोरगी सात समुद्रापल्याड धाडली म्हनले आसते."

"पत्रात काय म्हणते?"

"बरंच म्हनती. घर मोठं हाय. मला येगळी खोली हाय, वरच्या मजल्यावर. लेकरं जीव लावत्यात." त्यांनी पत्राच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तिनं वाईट कधी लिव्हलंच न्हाई, सर. नवऱ्याकडं व्हती तवाबी समदं बरंच लिव्हायची. पाठीवर वळ घिऊन आली, तवा मला कळलं."

मी म्हणालो, "तात्या, हे घर दुसरं आहे. जुनं, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं. आता तिकडं असं काही नसतं. घरं गरम असतात म्हणे."

"ते मला कळतंय. मी काय येडा न्हाई." मग हळूच म्हणाले, "पन आसलं काई तरी आसंल का न्हाई? मला नुसतं बगायचं हाय, की ती निजल्यावर तिला समोर काय दिसत आसंल."

बाहेर सायकली लागल्याचा आवाज आला. साडेतीनच्या मुली आल्या होत्या. परीक्षा आठवड्यावर होती आणि त्यांच्या टेबलावर आम्ही बसलो होतो. पुढची मुलगी दारातून डोकावली, "सर, येऊ का आत?"

"फिरवा, सर," तात्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "ती खिडकी दावा."

मी मुलीला हातानंच थांब म्हटलं आणि माउस ओढला. खाटा सरकत गेल्या, भांडं गेलं, खिडकी आली. खिडकीबाहेर कुठल्याशा झाडाच्या फांद्या होत्या, फार बारीक, धूसर. मी चित्र तिथंच धरून ठेवलं.