देवीकडे दोन अर्ज

उद्यापनाची तारीख मी भटजींना न विचारता ठरवली, तिथून सगळं सुरू झालं. श्रुतीला दहावीत चांगले मार्क पडावेत म्हणून मी शुक्रवारचं व्रत धरलं होतं. भटजी तारखेसाठी पंचांग बघतात, मी माझी पाळी बघते. खरं सांगते, ती पंचांगापेक्षा पक्की. गल्लीतल्या बायका सुनेच्या डोहाळजेवणालासुद्धा आधी माझ्याकडे चौकशी करतात, “वैनी, तुम्ही त्या दिवशी मोकळ्या हाय न्हवं?” (अभिमान बाळगू नये म्हणतात. मी थोडा बाळगला.) पाळी होऊन गेल्यावरचा शुक्रवार धरला आणि सवाष्णींना आमंत्रणं देऊन टाकली.

पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे घोटाळा झाला. (कसला, ते सांगत नाही. तुम्हीही संसारी माणसं आहात.) माझी चाळिशी उलटलेली, लेक दहावीला, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या आमचे हे दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी आणायला निघाले. गल्लीतल्या मेडिकलात कसं मागायचं? म्हणून थेट उचगाव गाठलं आणि हेल्मेटची काच खाली ओढून दुकानात शिरले. काउंटरवर कोण? माझा कुरुंदवाडचा मावसभाऊ आकाराम, नुकताच तिथे कामाला लागलेला.

“दाजी, हेल्मेट काढा की! गाडीवरनं वळखलं मी!”

ह्यांनी हेल्मेट काढलं नाही. आकारामनं बिचाऱ्यानं गोळी दिली, लवकरात लवकर घ्यायला सांगितलं आणि वर म्हणाला, “ह्येनं पाळी मागंपुढं हुती. ताईला सांगा, घाबरू नगो म्हणावं.” (हे मला फार नंतर कळलं. त्याचं बोलणं संपायच्या आत ह्यांनी बाहेर गाडीला किक मारली होती.) माझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच, “लगेच घे.” मी देवाला हात जोडून घेतली.

ठरलेला दिवस आला. पाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आमच्याकडे आता कुणी बाजूला बसत नाही, देवाला शिवायचं नाही एवढंच उरलंय. पण सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्तींचं, देवघरावर बारीक लक्ष.

“स्नेहल, ह्या म्हयन्यात देवपूजा सोडली न्हाईस की गं?”

“लक्षात राहिलं नसेल, आत्ती.”

“लक्षात ऱ्हायला ती काय दुधाची पिशवी हाय?”

आणि त्यांचे डोळे असे काही चमकले! त्याच दुपारी माझ्यापुढे केशरदूध आलं. कुकर उचलायला बंदी झाली. आठवड्याच्या आत सगळ्या सवाष्णींना बातमी. त्यातल्या अंबूबाई तर पदराखालून चिंचा घेऊन आल्या. त्या मी खाल्ल्या. (आवडतात मला. त्यानं प्रकरण आणखी पक्कं झालं.)

मी मात्र आतून गारठले होते. तिन्हीसांजेला दिवा लावून म्हटलं, “आई अंबाबाई, आजवर सणासुदीला मी तुला ‘आज नको’ म्हणून विनवलं. आज पहिल्यांदा सांगते, येऊ दे. लवकर येऊ दे.”

आठवडा उलटला तशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासणी केली आणि म्हणाल्या, दिवस गेलेले नाहीत. मी खुर्चीतच देवीला नमस्कार केला.

“मग अडकलंय कुठं?”

“अडकलं नाही काही. गोळीनं बीज बाहेर पडायचं लांबतं. ते लांबलं की पाळीही लांबते. कुणाची उलट आठवडाभर आधी येते, कुणाला मधेच डाग दिसतात. पुढच्या महिन्यापासून बहुतेक येईल रांगेला.”

मला भारी नवल वाटलं. एवढीशी गोळी, डाळीच्या दाण्याएवढी!

“म्हणजे बीज सिग्नलला थांबतं, आणि मागच्या गाड्या तुंबतात?”

“दसरा चौकातल्यासारख्या,” त्या हसल्या.

“गर्भाला काही करत नाही ना? मी व्रतात आहे हो.”

“राहिलेल्या गर्भाला ती काही करत नाही. पण ही अडीअडचणीची गोळी आहे, नेहमीची नव्हे. नेहमीसाठी दुसरे उपाय आहेत. साहेबांना घेऊन या.”

“हेल्मेट घालून आले तर चालतील?”

त्यांना काही कळलं नाही. मी विचारलं, “मग आता येणार कधी?”

“आज, उद्या, चार दिवसांनी. नक्की सांगता येत नाही.”

“शुक्रवारी उद्यापन आहे हो!”

घरी येऊन पुन्हा देवीपुढे बसले. “आई, आता घाई नाही. शुक्रवार होऊ दे, मग ये.” पण तिच्या दरबारात अर्ज आल्याच्या क्रमानंच निघत असावेत. शुक्रवारी सकाळी पुरण वाटायला घेतलं आणि माझा पहिला अर्ज मंजूर झाला.

आत्तींना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गोळी, सिग्नल, सगळं. माझ्यासाठी आणलेल्या दुधाच्या पेल्यावर त्यांनी झाकण ठेवलं. मला बघवेना. मग हळूच म्हणाल्या,

“अशी गोळी मिळती?”

“मिळते.”

“आमच्या येळंला न्हवती बघ. न्हाईतर ह्यो उदयसिंह...”

दाराशी चहा पीत बसलेल्या धाकट्या उदयसिंह भावजींना जोराचा ठसका लागला. “पी की बाबा तू च्या,” आत्ती म्हणाल्या, “आता काय हुतंय!”

सवाष्णी यायला लागल्या होत्या. उद्यापन मोडता येईना आणि मला पाटावर बसता येईना. आत्तींनी निकाल दिला, “ज्येच्यामुळं झालं, त्येलाच बसवा.”

हे सोवळं नेसून बसले. मी उंबऱ्याबाहेरून सांगतेय, “हळद आधी! अहो, ती वेणी कलशाला, तुमच्या कानाला नव्हे!” बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मात्र भरून आलं. इतके शुक्रवार कडक उपास केले आणि शेवटच्या दिवशी मीच पाहुणीसारखी दाराबाहेर.

आरती संपली आणि देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल टपकन खाली पडलं. उजवं फूल! देवीनं मागणं मान्य केलं. बायकांनी ह्यांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. माझ्यासाठी आजवर एक पाकळी हलली नव्हती, पण म्हटलं असू दे, लेकीचं भलं झालं ना.

बायका गेल्यावर विचारलं, “श्रुतीच्या मार्कांचं नीट सांगितलंत ना हो?”

हे डोकं खाजवत म्हणाले, “आयला, ते ऱ्हायलंच की.”

“मग मागितलंत काय?”

“काय न्हाई गं. म्हटलं, हिचं उपास संपलं, आता शुक्रवारीबी घरात मटण शिजू दे.”

पुढच्या शुक्रवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा मीच केला. देवीचा शब्द मोडायचा कसा?