आत किती, बाहेर किती

आमच्या स्वयंपाकघरातल्या एकूण एक भांड्यावर लाल नेलपॉलिशची रेघ आहे. पेल्यावर, कपावर, आमटीच्या वाटीवर. देवघरातली पंचपात्री तेवढी आईने वाचवली. तरी तीर्थ पाण्याच्या वहीत चढायचं ते चढलंच: "पली पाच एमएल, दोन वेला, धा."

नेलपॉलिश माझी, रेघा कासमभाईंच्या.

कासमभाई आमच्या दगडी गडग्यापलीकडे राहतात. वीस-बावीस वर्षं मस्कतच्या एका इस्पितळात ते ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होते. पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं नि किती बाहेर आलं ते लिहिणं, हे तिथलं त्यांचं खास काम. निवृत्त होऊन रत्नागिरीला परतले, पण काम काही सुटलं नाही. भेटेल त्याला विचारणार, "आत किती, बाहेर किती?" एका लग्नात त्यांनी नवरीच्या मामालाही विचारलं. मामा म्हणाले, "मांडवात तीनशे असतील, बाहेर पंगतीला थांबलेले शंभरेक."

गल्लीतल्या प्रत्येक घरचा कप त्यांना पाठ. "कोपऱ्यावरच्या वैनीचा कप दिसायला मोठा, पन आत नव्वदच. बूड जाड हाय." हे त्यांनी वैनींच्या तोंडावर सांगितलं. वैनींनी पुढे सहा महिने त्यांना चहा विचारला नाही.

आम्ही हसायचो. मग आईच्या हृदयाने दगा दिला. फुप्फुसात पाणी झालं, आठवडाभर ती इस्पितळात होती. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं: दिवसाला सव्वा लिटरच्या वर पाणी नको, मीठ कमी, लघवीची गोळी चुकवायची नाही, रोज सकाळी वजन. वजन भराभर वाढलं तर पुन्हा भरती. रिक्षात बसल्या बसल्या आईने जाहीर केलं, "परत त्या खाटेवर मी जायची नाय. घरात मरेन." ती मस्करी करत नव्हती. घरात आम्ही दोघीच, नि मी दिवसभर शाळेत शिकवायला.

त्याच संध्याकाळी कासमभाई एक मापाचा जग घेऊन आले आणि माझ्याकडे नेलपॉलिश मागितली. रेघा मारून झाल्यावर एक वही उघडली. "एक ध्यानात ठेव बाय. सांगितलेला आकडा लिवायचा नाय. डोल्यांनी बघितलेला लिवायचा. पान्याच्या बाबतीत मानूस खोटा बोलतो."

सकाळचं मी लिहायची. अकराला आणि चारला ते येत, आईसमोर बसून तिने पाणी प्यायलेलं बघत आणि लिहीत. वहीतला आकडा कधी बाराशेच्या वर गेला नाही.

आणि वजन रोज वाढत होतं. पावलं सुजली, चप्पल पायात शिरेना, चार पावलं चालली की आईला धाप लागायची. डॉक्टर फोनवर म्हणाले, दोन दिवस बघू, नाहीतर घेऊन या. मी हबकले. कासमभाई तर नळाकडेसुद्धा संशयाने बघू लागले. "काकी, दात घासताना चूल भरता ती गिलता काय?"

"कासम, मी तुज्या मोठ्या बहिणीच्या वयाची," आई म्हणाली. "जास्ती बोललास तर ह्या काठीन् मोजीन तुला."

रविवारी ते अकराऐवजी दहालाच आले. आई मागच्या पायरीवर बसून पेज जेवत होती. हातात वाडगा, वाडग्याच्या काठावर लोणच्याची फोड. कासमभाई दारातच थांबले.

"काकी, ही लिवली?"

मी वही आणली. पेज लिहिलेली होती. रोज, माझ्याच अक्षरात, खाण्याच्या रकान्यात: नाश्ता, पेज. आम्ही दोघांनीही ती रोज वाचली होती.

"पेज काय पाणी हाय?" आई म्हणाली. "पेज जेवतात. पीत नाय कोण."

कासमभाईंनी वाडगा घेतला आणि पेज चाळणीतून गाळली. चाळणीत मूठभर भात राहिला. मापाच्या जगात चारशे. मग त्यांनी लोणच्याची फोड उचलली. "आनि ह्या मीठ त्या पान्याला धरून बसता." एवढं बोलून ते पायरीवर आईशेजारी बसले. "माज्या घरात पन जल्मभर पेजच. मस्कतला पेज नव्हती, म्हनून तिथं चुकलो नाय."

मी डॉक्टरांना कळवलं. त्यांनी गोळी थोडी वाढवली, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासून घेतलं. पेज घट्ट झाली, अर्ध्या वाटीवर आली, लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. वजन उतरू लागलं. आठव्या दिवशी आईची चप्पल तिच्या पायात गेली. डॉक्टर म्हणाले, भरतीची काही गरज नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी पोटभर रडले. आई शेजारी उभी राहून म्हणाली, "ह्या पण लिही. बाहेर किती गेला ता."

कासमभाईंनी वही मिटली. "झाला, बाय. माजा काम संपला."

मग तीन दिवस ते फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांचा जग परत द्यायला गेले. पडवीतल्या बाकावर ते पडून होते. ओठ सुकलेले, डोकं धरलेलं. उठायला गेले तर तोल जात होता. पाणी आणायला मी आत धावले. माठ काठोकाठ भरलेला, वर पेला पालथा. फळीवर कप, पेले, वाट्या नीट मांडलेल्या. एकाही भांड्यावर रेघ नव्हती.

"कासमभाई, सकाळपासून आत किती?"

ते बोटांवर मोजू लागले. "चाय घेतली होती," म्हणाले. "काल की आज..."

चाची, त्यांची बायको, जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा नोकरीला दोहात. सगळ्या गल्लीला हा माणूस विचारत फिरायचा, आणि त्याला उलट कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मला स्वतःची फार लाज वाटली.

साखर-मीठ घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. तासाभराने ते उठून बसले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन आईला सांगितलं. तिने वही काढली, मागचं पान उघडलं आणि वर लिहिलं: कासम.

दुसऱ्या दिवशी चारला आईने गडग्यावरून हाक मारली, "कासम, आत किती?"

"आठशे, काकी," पलीकडून आवाज आला.

"सांगितलेला आकडा मी लिवत नाय. समोर येऊन बस."

तेव्हापासून ते रोज येतात. आई चारशेची रेघ मारलेला पेजेचा वाडगा त्यांच्यासमोर ठेवते आणि पेन्सिल घेऊन बसते. ते सावकाश जेवतात, मधेमधे वाडगा डोळ्यांसमोर धरतात. वाडगा रिकामा झाला की आई तो वाकवून बघते आणि मग लिहिते. पाण्याच्या रकान्यात.