सरोजताई आणि शेपटी धरणारं प्रथिन

आमच्या मजल्यावरच्या सरोजताई भालेराव माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी टाचा बघतात. बदलापुरात आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन बिऱ्हाड आलं की त्या घरच्या बाईंना वाटतं, ताई आपल्या चपलांना नावं ठेवतायत. उल्हासनगरला कापडाचं दुकान असलेले आमचे शेजारी वाध्वानीशेठ तर त्यांच्यामुळे घरातही मोजे घालायला लागले.

ताई मुंबईतल्या एका प्रयोगशाळेतून रिटायर झाल्या. एकट्याच राहतात. आयुष्यभर त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो आता आम्हाला जिन्यात विचारतात. "शेपटी कोण धरतं?"

म्हणजे असं. "लिव्हरच्या पेशीवर काही प्रथिनं हात पसरून उभी असतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल पकडतात. पण नुसतं पकडून काय उपयोग? त्यांची शेपटी पेशीच्या आत लोंबत असते. ती दुसऱ्या प्रथिनाने धरायला हवी. मग आणखी चारजण येतात, पेशीच्या कातडीला खळगा पडतो आणि सगळी वरात आत."

लिफ्ट बंद पडली तेव्हा वाध्वानीशेठ गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, इसकी शेपटी किसने छोडी?" ताई आठवडाभर खूश होत्या.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. एका रविवारी अनवाणीच स्कूटर धुवायला खाली निघालो होतो. ताई पायरीवर बसल्या आणि माझ्या टाचेवरची शीर त्यांनी चिमटीत धरली.

"सुरेश, ही गाठ कधीपासून?"

"असेल पहिल्यापासून. दुखत नाही."

"वडील कशाने गेले तुझे?"

"हार्टने. बेचाळिसाव्या वर्षी."

"आणि तुझं वय?"

"एकोणचाळीस."

"चप्पल घाल. मी रिक्षा थांबवते."

रिपोर्ट बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. पण म्हणाले, वेळेत आलात. गाठीत कोलेस्टेरॉलच साचलं होतं. "तुझ्यात वरचे हात कमी असणार," ताई म्हणाल्या. "गोळीने वाढतात. रोज घे, नाहीतर मी येऊन तोंडात घालीन." आणि खरंच, दोन महिने रोज बेल वाजवून विचारत राहिल्या.

हे वडिलांकडून येतं म्हटल्यावर माझी मुलगी श्रेया, नववीतली, तिचंही रक्त तपासलं. ते चार दिवस मला जेवण गेलं नाही. रिपोर्ट स्वच्छ आला. पेढे घेऊन आम्ही दोघं ताईंकडे गेलो.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा पुसत बसल्या. टेबलावर एका तरुणाचा फोटो होता, कॅरमपुढे बसलेला.

"माझा भाऊ, अशोक. त्याच्याही टाचांवर गाठी होत्या. मी चिडवायचे, लिंबू बांधलेत म्हणून. एकविसाव्या वर्षी हार्टने गेला." फोटो सरळ करत म्हणाल्या, "त्याच्या पेशींवर हात भरपूर होते रे. शेपटी धरणारं प्रथिनच नव्हतं. हे कळायला मला कित्येक वर्षं लागली."

श्रेयाने विचारलं, "कॅरम आहे अजून?"

"आहे. पलंगाखाली. भांडायला कोणी नाही."

आता दर रविवारी भिंतीपलीकडून सोंगट्यांचा आवाज येतो. परवा श्रेया तणतणत घरी आली. "बाबा, ताई राणी हाताने ढकलतात."

मी विचारायला गेलो, तर ताई दारातच म्हणाल्या, "खोटं बोलते ती. पाठव परत. डाव अर्धा आहे."