ट्रायलच्या गाडीला नारळ

बोळाच्या तोंडाशी गाडी थांबवायची आणि मुलीला म्हणायचं, "तू ऊठ, आता मी बसतो." शिवशरणने केलं ते एवढंच. जागा बदलायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. पण त्या अर्ध्या मिनिटाने त्याची पुढे अशी काही फरफट केली की, मंगळवार पेठेत आजही कुणी गाडी घेतली की आधी त्याची आठवण निघते.

शिवशरणचं भांड्यांचं दुकान होतं. दुकान बापजाद्यांचं आणि गुणही बापजाद्यांचाच. भांड्याला टिचकी मारायची, कान लावायचा आणि कुठे चीर आहे का ते सांगायचं. हा गुण दुकानातच ठेवून शोरूमला या, असं प्रेरणाने आदल्या दिवशी बापाला चांगलं बजावलं होतं. प्रेरणा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. क्लास लावून, रीतसर परीक्षा देऊन ड्रायव्हिंगचं लायसन काढणारी घरातली पहिली व्यक्ती. (लायसन शिवशरणकडेही होतं. पण ते फार वर्षांपूर्वी एजंटाने घरपोच आणून दिलेलं. त्यावरच्या फोटोतल्या माणसाला भरपूर केस होते आणि गाडी त्यालाही येत नव्हती.)

शोरूममध्ये पाय ठेवल्याबरोबर शिवशरणने पहिल्या गाडीच्या बॉनेटला टिचकी मारली आणि कान लावला.

"अप्पा!" प्रेरणा दात आवळून म्हणाली.

"आवाज पातळ हाय."

टाय बांधलेला सेल्समन लगबगीने पुढे आला. त्याचं नाव अमरसिंह. "नमस्कार साहेब. हे नवीन मॉडेल. पॉवर स्टिअरिंग, सेंट्रल लॉकिंग—"

"पत्रा किती गेजचा?"

"पत्रा?"

"आमच्यातला हंडा ह्याच्यापरीस जाड असतोय की ओ."

मग शिवशरणने तिथल्या एकूण एक गाडीला टिचकी मारली. एका गाडीत दुसरं गिऱ्हाईक सहकुटुंब बसलं होतं, तिलाही मारली. प्रेरणा एका खांबाआड जाऊन उभी राहिली आणि आपण ह्या माणसाबरोबर आलेलो नाही, असा चेहरा करून एसीचं माहितीपत्रक वाचू लागली. शेवटी एका पांढऱ्या गाडीला कान लावून शिवशरण म्हणाला, "ही वाजतीया बरी." अशा रीतीने गाडीची निवड झाली.

आता गाडी हवी कशाला, तर सांगायला कारण होतं आक्काचे गुडघे. आक्का म्हणजे शिवशरणची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच होती आणि तिला आता रिक्षाची पायरीही चढवत नव्हती. पण खरं कारण समोरच्या दारात उभं होतं. समोरच्या सयाजीने दिवाळीत गाडी घेतली होती. तेव्हापासून शिवशरण सकाळी स्कूटरला किका मारायला लागला की सयाजी फडकं घेऊन बाहेर यायचा आणि स्वच्छ असलेली गाडी पुन्हा पुसायचा. सावकाश. काचेला तोंडाची वाफ देऊन देऊन.

अमरसिंहने मागच्या बाजूने तसलीच पांढरी गाडी आणली. "ही आमची ट्रायलची, साहेब. चालवून बघा. तुमची नवी कोरी येईल." प्रेरणाने गाडीभोवती एक फेरी मारली, टायर बघितले, मागची काच बघितली आणि हसली. शिवशरण थेट जाऊन पुढच्या सीटवर बसला. गाडी मागूनही बघायची असते हे त्याच्या गावीही नव्हतं. पातेल्याला कुठे मागची बाजू असते?

अमरसिंह मागे बसला. गाडी चालवली प्रेरणाने, आणि झकास चालवली. रंकाळ्याला वळसा घालून आल्यावर तीच म्हणाली, "अप्पा, बाकी सगळं राहू दे. आधी आपल्या बोळात शिरते का ते बघू."

इतकी शहाणपणाची सूचना त्या घराण्यात आजवर कुणी केली नव्हती. बोळाच्या तोंडापर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथे मात्र शिवशरणला पुढचं दृश्य दिसलं: पायरीवर सयाजी, आणि तालमीच्या दारात अंगाला माती लागलेली पाच-सहा पोरं.

"थांब. तू ऊठ, आता मी बसतो."

"का?"

"पोरगी बापाला फिरवून आणतीया म्हणतील."

"म्हणू देत की! फिरवूनच आणलंय."

"प्रेरणा, ऊठ."

"अप्पा, तुम्हाला येत नाही."

"सरळ तर जायचंय."

('सरळ तर जायचंय' असं म्हणून निघालेल्यांची हाडं कोल्हापुरात कोणकोणत्या दवाखान्यांत बसवली गेली आहेत, त्याचा हिशेब निराळाच.) प्रेरणा उतरली आणि दार आपटून मागे अमरसिंहशेजारी जाऊन बसली. गाडीने एक उडी मारली, दुसरी मारली आणि बरोबर बोळाच्या मध्यावर, गटाराच्या फरशीवर बसकण मारून ती बंद पडली. शिवशरणने किल्ली फिरवली. गाडीने नुसता आवंढा गिळला.

"साहेब, क्लच," मागून अमरसिंह म्हणाला.

"दाबलाय की."

"तो ब्रेक आहे, साहेब."

एवढ्यात तालमीतल्या पोरांनी आरोळी दिली, "शिवाण्णाची गाडी आली रं! लावा हात!" आणि सगळी पोरं सयाजीसकट मागून गाडीला भिडली. अमरसिंहने हात लांबवून गिअर तेवढा मोकळा केला. रोज शेकड्याने जोर मारणारी ती पोरं. शिवशरणची गाडी इंजिनावर गेली नसती इतक्या वेगाने घराच्या दारात जाऊन लागली.

शिवशरण खाली उतरला. हात झटकत सयाजी पुढे आला.

"शिवा! घेटलास म्हणायची गाडी!"

इथे बोलायचं होतं ते एकच वाक्य. 'न्हाय रं, बघायला आणलीया.' ते शिवशरणच्या जिभेवर आलंही होतं. पण सयाजीच्या खांद्यावर ते गाडी पुसायचं फडकं होतं. शिवशरणने फडक्याकडे बघितलं आणि तो म्हणाला, "व्हय. म्हंजे... आणली."

"अप्पा," प्रेरणा त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "सांगा."

"सांगतो. दमानं."

पण आक्काला दम नव्हता. जिला रिक्षाची पायरी चढवत नव्हती ती आक्का ओवाळणीचं ताट घेऊन तीन पायऱ्या उतरून आली. तिने बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, मधोमध कुंकू लावलं आणि तेलात भिजवलेल्या हळदीचं स्वस्तिक असं काढलं की त्याचा एक पाय काचेवर गेला.

"आक्का, तेलाचा डाग पडतोय हो," अमरसिंह कळवळला.

"तुमी बाजूला व्हा, पावणं. लगीन झालंय का तुमचं?"

"दोन पोरं आहेत."

"मग बाजूलाच व्हा."

नारळ फोडायचा मान घरच्या कर्त्याचा. शिवशरणने नारळ उचलला. सयाजीच्या फडक्याकडे बघत मारलेला पहिला घाव फरशीऐवजी बंपरवर बसला. बंपरला पोचा पडला. नारळ शाबूत राहिला. अमरसिंहने डोळे मिटून घेतले.

"अप्पा, एकदा मागं जाऊन बघा," प्रेरणा म्हणाली.

"गप बस."

"नाही, पण मागच्या काचेवर—"

"आधीच मला काय सुचेना झालंय! गप म्हणतोय न्हवं?"

मग चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडायला गाडी पुढे घ्यायला हवी होती. सगळा बोळ शिवशरणकडे बघू लागला. शिवशरण आभाळाकडे बघू लागला. "ऱ्हाऊ द्या, अण्णा, दमलाईसा तुमी," असं म्हणून पोरांनी पुन्हा मागून हात लावला आणि लिंबं चिरडली. कुणीतरी झेंडूची माळ आणून आरशाला अडकवली. सयाजीने गाडीला दोनदा प्रदक्षिणा घातली. मागच्या बाजूला तो जरा जास्तच रेंगाळला आणि परत येऊन म्हणाला, "झकास हाय. पेढं कुठायत?"

खोटं एकदा दारात आलं की त्याला चहा-पाणी करावंच लागतं. शिवशरण स्वतः कोपऱ्यावर जाऊन पेढे घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने वाटले. सयाजीने चार घेतले. "चार चाकं, चार पेढं."

"किती बसतात रं हिच्यात?" पेढा चघळत सयाजीने विचारलं.

"पाच."

"मग रविवारी जोतिबाला नेतोस आमच्या आईला. नव्या गाडीनं आधी डोंगर चढावा."

"नेतो की," शिवशरण म्हणाला. आता त्याला खोटं बोलताना धापही लागत नव्हती.

घड्याळात बघून बघून अमरसिंहची मान अवघडली. शेवटी शिवशरणने बोळाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "गाडी सर्व्हिसिंगला न्यायची हाय."

"नव्या गाडीला सर्व्हिसिंग?"

"पूजेनंतर करत्यात."

गाडी बोळातून उलटी काढायची होती. शिवशरणने मुकाट्याने किल्ली प्रेरणाच्या हातात दिली. प्रेरणाने एक हात सीटच्या पाठीवर टाकला, मागे बघितलं आणि गटार, सायकली, तालमीची पायरी असं सगळं चुकवत, माळेतलं एक फूल न पाडता गाडी सरळ बोळाबाहेर काढली. तालमीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी बापाला फिरवून आणते, एवढंच कळू नये म्हणून हा सगळा खटाटोप होता. आता ते रीतसर सगळ्यांना दाखवून झालं.

शोरूममध्ये शिवशरण बंपरकडे बोट दाखवून म्हणाला, "हे ठोकून देतो मी. आमच्यात असलं रोजचं हाय." अमरसिंह नको म्हणाला. फार नम्रपणे म्हणाला, हे जास्त लागलं.

बापलेक स्कूटरवरून घरी आले. घरात पाय ठेवल्याबरोबर प्रेरणा अस्सल कोल्हापुरीत उफाळली.

"मी तिसरीत असताना दुसऱ्या मुलीची पेन्सिल चुकून घरी आणली होती. आठवतंय? तुम्ही मला शाळेत घेऊन गेला होता. सगळ्या वर्गासमोर उभं केलं. 'सांग, ही पेन्सिल माझी नाही.' मी रडत होतो आणि तुम्ही म्हणालात, एकदा बोललं की हलकं वाटतं. पेन्सिल होती ती, अप्पा! तुम्ही गाडी आणलाय!"

"आणली कुठं? परत दिली की."

"मग तेवढंच सांगा. रविवारच्या आत."

शिवशरण खाली बसला. आयुष्यात त्याला बऱ्याच गोष्टींची लाज वाटली होती. पण आपण शिकवलेला धडा आपल्याच पोरीने तोंडपाठ म्हणून दाखवावा, ही लाज काही निराळीच होती. तिला टिचकी मारून चीर कुठे आहे ते बघायची गरज नव्हती.

शनिवारी संध्याकाळी तो गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेला. सयाजी आणि तालमीतली पोरं तिथे म्हशीचं धारोष्ण दूध पीत उभी होती. शिवशरणने स्वतःसाठी पेला घेतला, खाली ठेवला, परत उचलला.

"सयाजी, रविवारचं जमायचं न्हाय."

"का रं?"

"ती गाडी आपली न्हवती. बघायला आणलती. ट्रायलची."

झालं. बोलला. पेन्सिल परत केली. आता धरणी दुभंगेल, म्हशी उधळतील, असं वाटून त्याने डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही. सयाजीने शांतपणे मिशीवरचा फेस पुसला.

"ठाव हाय की."

"कसं?"

"आरं, मागच्या काचेवर टोपलीएवढ्या तांबड्या अक्षरांत लिवलंतं, 'ट्रायलची गाडी, तुम्हीही चालवून बघा'. गटारापासनं तुझ्या दारापर्यंत ढकलली आमी. नाकाम्होरंच हुतं. दुसरं वाचायला काय हुतं तिथं?"

"मग बोलला का न्हाईसा?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एकजण म्हणाला, "अण्णा, पेढं यायचं हुतं न्हवं."

शिवशरण घरी आला तो थेट आक्कासमोर उभा राहिला. "तुला बी ठाव हुतं?"

"पोरांनी वाचून दावलंतं की."

"मग गाडीला ओवाळलीस कशाला?"

"गाडीला कोण ओवाळतंय?" आक्का वाती वळत म्हणाली. "तू चालवत आलास आनि जित्ता आलास, म्हून ओवाळलं."

गाडी पुढच्या महिन्यात खरोखरच आली. तीच, पांढरी, टिचकीत पास झालेली. ह्या वेळी प्रेरणा चालवत होती आणि शिवशरण तिच्याशेजारी पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन, अगदी खरेपणाने बसला होता. गाडी दारात थांबली. त्याने उतरून घसा खाकरला. तालमीतून एक डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं.

"आक्का, ताट आण!"

"उद्या," आतून आवाज आला. "उद्या सकाळी दारात असली तर बगू."

सयाजी तेवढा आला. तो पुढून आलाच नाही. सरळ मागे गेला, वाकला, काच निरखली आणि काही खरवडून काढलंय का ते नखाने तपासलं. मग त्याने डिकीला एक टिचकी मारली, कान लावला आणि मान हलवली.

"हाय. खरी हाय," शिवशरण कळवळून म्हणाला आणि पुडा उघडून पुढे केला. "घे, पेढा घे."

सयाजीने पेढा उचलला, उलटा करून मागची बाजू बघितली आणि विचारलं,

"पेढं तरी तुझंच हाईत न्हवं?"