धुळ्याच्या मॉलमध्ये सुटलेला हात

आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यातले शेजारी शालिग्रामभाऊ दुबईला जाऊन आले आणि माझ्या संसारात ठिणगी पडली. सहा दिवसांच्या सहलीतले चार दिवस ते मॉलमध्ये होते. एका मॉलमध्ये म्हणे आत बर्फ पडतो, एकात एवढं मोठं काचेचं तळं आहे की आत शार्क फिरतात. आमची लेक भाविका लगेच मोबाईल घेऊन बसली. 'जगातले बघण्यासारखे मॉल' असा एक व्हिडिओ तिने मला तीनदा दाखवला. सौभाग्यवती दिपमाला काही बोलली नाही. तिने फक्त माझ्या ताटात भाजी जरा जोरात वाढली. वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, बोललेलं परवडतं.

तेव्हा मी पटकन म्हणून गेलो, "मॉलच बघायचा ना? मग धुळ्याला हायवेवर नवा झालाय की! दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. आयुष्यभर लक्षात राहील अशी सहल करू."

(सहल आयुष्यभर लक्षात राहिली. मी शब्दाचा पक्का माणूस आहे.)

जळगावच्या माणसाने काही बघायला म्हणून धुळ्याला जायचं, हे सोपं नसतं. आमच्याकडे सोनं आहे, केळी आहेत, भरीत आहे. धुळ्याला आम्ही लग्नाला जातो, दहाव्याला जातो. पण दिपमालाचा चेहरा एकदम उजळला आणि ती म्हणाली, "मग आईलाही घेऊ. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिनं घर आणि खळं सोडून काही बघितलंच नाही. नव्या डोळ्यांनी जरा जग बघू दे."

इथून माझी झोप उडाली.

माझा स्वभाव जरा काळजीखोर आहे. गॅस बंद केला का ते बघायला मी एरंडोलहून परत आलेलो माणूस आहे. त्यात सासूबाई, म्हणजे प्रमिलाबाई, पासष्टीच्या. काळा चष्मा, गुडघे नाजूक. आणि त्यांच्या मागे उभे आमचे सासरे भटू आबा. आबांनी उभ्या जन्मात स्वतःची बैलजोडी कुणाला वापरायला दिली नाही. तो माणूस आपली बायको माझ्या हवाली करणार होता.

आता एक घरगुती भानगड इथेच सांगून टाकतो. माझंही नाव भटू. खान्देशात गर्दीत 'भटू' म्हणून हाक मारली तर चार जण ओ देतात, त्यामुळे यात नवल काही नाही. पण सासूबाई जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. नवऱ्याचं आणि जावयाचं नाव एकच, म्हणून माझंही नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मी 'पाव्हना', मी 'जवाई', मी 'भाविकाना पप्पा'. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

सासुरवाडीला, म्हणजे धरणगावला, गाडी थांबली तेव्हा आबा कापूस वेचणीची माणसं सोडून रस्त्यापर्यंत आले होते. सासूबाई पुढे माझ्या शेजारी बसल्या. मांडीवर भरीत आणि पुऱ्यांचा मोठा डबा. आबा त्यांच्या बाजूच्या खिडकीत वाकले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "ध्यान ठेवानं. गर्दीमा हात सोडानं काम नही."

"काळजीच करू नका, आबा!" मी म्हणालो.

पारोळ्यापर्यंत मी तीनदा गाडी थांबवून सासूबाईंचं दार नीट लागलंय का ते पाहिलं. त्यांना कसलीच काळजी नव्हती. नव्या डोळ्यांनी त्या रस्त्यावरची एकूण एक पाटी मोठ्याने वाचत होत्या. "सावकाश जा. पंक्चर. येथे ऊसाचा रस. आगे मोड है." चौथीपर्यंतचं शिक्षण, पण एक अक्षर सुटलं नाही.

मॉल दिसला आणि मी हबकलोच. इमारत अशी चकचकीत की आत जाताना आपली पॅन्ट इस्त्रीची आहे का ते आठवावं. दारात एक आडदांड गार्ड उभा होता आणि त्याच्या डोक्यावर पाटी होती. ती सासूबाईंनी वाचून दाखवली, "बाहेरील खाद्यपदार्थ आत आणू नयेत."

"डब्यात काय आहे?" गार्डने विचारलं.

"पथ्याचं आहे," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच धाडसी खोटं. "ऑपरेशन झालंय यांचं. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्याने डबा नाकाजवळ नेला. आतून लसूण, हिरवी मिरची आणि चुलीवर भाजलेलं वांगं यांनी एकदम जबानी दिली. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सोडून दिलं.

आत गेल्यावर दिपमालाने कामं वाटली. ती आणि भाविका वरच्या मजल्यावर कपडे बघणार. भाविकाच्या मोबाईलची बॅटरी संपत आलेली, म्हणून फोटोसाठी तिने माझा मोबाईल घेतला. सासूबाईंचा बटणांचा मोबाईल गर्दीत कुणी मारू नये म्हणून मी माझ्या खिशात ठेवला. (ही खबरदारी मला फार हुशारीची वाटली होती.) डबाही माझ्याकडेच.

"आईला धरून ठेवा," दिपमाला म्हणाली. "एवढं एकच काम आहे तुम्हाला."

मी सासूबाईंचा हात घट्ट धरला. पाच मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग तो सरकता जिना आला.

लोकांना वाटतं, अशा जिन्याला खेड्यातली म्हातारी माणसं घाबरतात. सासूबाई मळणीयंत्राशेजारी आयुष्य काढलेल्या बाई. त्यांनी जिना एकदा खालपासून वरपर्यंत पाहिला, पदर खोचला आणि पाय टाकला.

"चाला पाव्हना! आपले फक्त हुभं ऱ्हावानं शे."

माझा उजवा पाय उचलला गेला. डावा म्हणाला, तू हो पुढे. पायऱ्या माझ्यासमोरून एकामागून एक निघून जात होत्या आणि माझी ठरत नव्हती. सासूबाई वर निघाल्या, मी खाली राहिलो, मध्ये आमचे हात ताणले गेले आणि सुटले. कुणी सोडला हा वादाचा मुद्दा आहे. (मी.)

"तठेच थांबा! मी येस!" वर जाता जाता त्या ओरडल्या.

पण थांबतो कोण? मी लिफ्टकडे धावलो. लिफ्टमध्ये शिरलो तर ती मला घेऊन खाली पार्किंगमध्ये गेली. तिथून एक कुटुंब गॅसची शेगडी घेऊन आत चढलं आणि आम्ही थेट सगळ्यात वरच्या मजल्यावर. मी पायऱ्यांनी उतरत पहिल्या मजल्यावर पोहोचलो, तोवर जिन्याच्या तोंडाशी सासूबाई नव्हत्या.

नव्हत्याच.

मी भांड्यांच्या दुकानात पाहिलं, चपलांच्या दुकानात पाहिलं, मुलांच्या खेळांत पाहिलं. काळा चष्मा दिसला की धावायचो. एका काळ्या चष्म्याला मी "अहो आई!" म्हणालो, तर त्या बाई माझ्याहून लहान निघाल्या. त्यांचे यजमान मोठे होते. फार मोठे होते.

माहिती काउंटरवर जाऊन लाउडस्पीकरवरून सांगता आलं असतं, हे मला कळत होतं. पण ते दिपमालाने ऐकलं असतं. एवढं एकच काम होतं मला! त्यापेक्षा गुपचूप शोधावं, सापडल्या की हात धरावा, आणि मग कुणी विचारलं तर म्हणावं, आम्ही काय, इथेच तर होतो.

एवढ्यात खिशात मोबाईल वाजला. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंचाच फोन! मग लक्षात आलं, फोन सासूबाईंचाच आहे आणि तो माझ्या खिशात आहे. स्क्रीनवर नाव होतं दिपमाला. उचलला तर सांगावं लागणार. मी उचलला नाही. तो थांबला, मग एका अनोळखी नंबरवरून पुन्हा वाजला; दिपमालाच दुसऱ्याच्या फोनवरून करत असेल म्हणून तोही उचलला नाही. कुठल्या तरी भक्तिगीताची मोठी रिंगटोन होती. दोन बायकांनी माझ्याकडे पाहून हात जोडले.

डोळ्यांसमोर आबा यायला लागले. धरणगावच्या अंगणात कापसाच्या ढिगाजवळ उभे. मी गाडीतून उतरतो. ते माझ्या मागे बघतात, गाडीत बघतात, मग माझ्याकडे बघतात. "आबा, भरीत मात्र सगळं परत आणलंय," एवढंच मला बोलायला सुचत होतं. खरं सांगतो, मी एका खांबाआड उभा राहिलो आणि माझे डोळे भरून आले. आबांची भीती होतीच, पण त्या म्हातारीने नातीच्या बारशापासून आजवर माझ्या ताटात पहिली पुरी वाढली होती, आणि मी तिचा हात एका जिन्यापायी सोडला होता.

तेवढ्यात डोक्यावरचा लाउडस्पीकर खरखरला.

"कृपया लक्ष द्या. एक गृहस्थ हरवले आहेत. त्यांचं नाव... आजी, नाव काय म्हणालात?"

"नाव माले लेता येत नही ना, माय."

तो आवाज! मी खांबाला टेकलोच. जिवंत आहेत! धडधाकट आहेत!

"अहो आजी, नावाशिवाय कसं सांगू?"

"आमना धनीनं नाव शे ते."

"म्हणजे तुमचे यजमान हरवलेत?"

"नही वं! त्या कापूस येची ऱ्हायनात. जवाई हरपना आमना."

"बरं, मग जावयांचं नाव सांगा."

"तेच ते सांगस ना माय, नाव माले लेता येत नही!"

सगळा मॉल थांबून ऐकत होता. माझा आनंद हळूहळू आटला. हरवलेला गृहस्थ मी होतो.

"आडनाव?"

"पाटील."

वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "मी शे पाटील!" आणि हशा पिकला.

"आजी, तुम्ही वर्णनच सांगा." मग ती मुलगी सासूबाईंनी सांगितलेलं गोड शुद्ध मराठीत म्हणू लागली. "वय पन्नाशीच्या आसपास. अंगात चौकडीचा शर्ट. पोट थोडं... बरं, बरंच पुढे. डोक्यावर केस होते. हातात भरिताचा डबा. स्वभावाने घाबरट आहेत. सरकत्या जिन्याची भीती वाटते. त्यांच्याकडे मोबाईल आहे, पण ते उचलत नाहीत. कुणालाही दिसल्यास कृपया त्यांच्यावर रागावू नये. हात धरून त्यांना तळमजल्यावर आणावं."

मी डबा शर्टाखाली लपवला. त्याने पोट आणखी पुढे आलं, म्हणजे वर्णन जास्तच जुळलं. आइस्क्रीम खाणाऱ्या एका पोरीने माझ्याकडे बोट दाखवलं, "मम्मी, हेच ते!" आणि मागून एक रुंद हात माझ्या खांद्यावर पडला. दारातला गार्ड.

"चला साहेब," तो म्हणाला. मग डब्याकडे पाहून हळूच, "पथ्याचं भरीत का?"

त्याने खरोखर माझा हात धरला. मी म्हणालो, येतो मी, हात सोडा. तो म्हणाला, आजींनी सांगितलंय, सोडला की पळतील.

खाली सासूबाई सोफ्यावर ऐसपैस बसून लिंबू सरबत पीत होत्या. वर पोहोचल्या पोहोचल्या त्या दुसऱ्या जिन्याने परत खाली आल्या होत्या. मी जागेवर नाही म्हटल्यावर नव्या डोळ्यांनी सगळ्या पाट्या वाचत 'माहिती कक्ष' गाठून बसल्या. दिपमाला आणि भाविका आधीच पोहोचल्या होत्या.

"तुला कसं कळलं, मीच म्हणून?" मी दिपमालाला विचारलं. "नाव तर घेतलंच नाही."

"घाबरट म्हणाले, तेव्हाच निघाले मी," दिपमाला म्हणाली.

काउंटरवरची मुलगी मात्र नियमाची पक्की होती. तिने मला विचारलं, "तुमचं नाव?"

"भटू पाटील."

"आजी, बरोबर का? हेच ना?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि लाजून मान डोलावली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "व्हता कोठे तुम्ही? माले कितला घोर लागी गया व्हता!" त्यांचा आवाज कापत होता. मी खिशातला त्यांचा मोबाईल काढून त्यांच्या हातात ठेवला. भरीत आम्ही पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर ठेवून खाल्लं. दोन पुऱ्या गार्डला दिल्या, कारण सासूबाईंनी त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं.

परत धरणगावला पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मी वाटभर एक भाषण जुळवत आणलं होतं. अंगणात आबा खाटेवर बसले होते. मी पुढे होऊन म्हणालो, "आबा, मला माफ करा. तुम्ही सकाळी बजावलं होतं, गर्दीत हात सोडू नका म्हणून..."

आबांनी हाताने मला थांबवलं. ते माझ्याशी बोलत नव्हतेच. ते सासूबाईंकडे बघत होते, आणि चांगलेच तापले होते. भाविकाने सगळा प्रकार त्यांना फोनवर आधीच कळवला होता.

"सकायले काय सांगं व्हतं तुले?" आबा कडाडले. "गर्दीमा हात सोडानं काम नही! पाव्हना साधाभोया शे. एकला सोडा का घाबरस. तरी सोडा?"

"चुकनं माय मनं," सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या. "आते नही सोडाव."

चहा झाला. निघायची वेळ झाली. गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी होती, आणि कापसाचे ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते. सासूबाई उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि आबांच्या देखत त्यांनी माझा हात धरला. दोन्हीकडे बघून त्यांनी मला रस्ता ओलांडून दिला, गाडीत बसवलं आणि माझं दार नीट लागलंय का ते बाहेरून दोनदा ओढून पाहिलं.