मारोतराव इंगोले यांणी दिग्रस मुक्कामी शोकसभा जिंकिली, त्याची हकीकत

श्री. प्रांत वऱ्हाड, जिल्हा यवतमाळ, कसबे दिग्रस येथे हल्लीचे काळी जो तुंबळ प्रसंग गुदरला, त्याची साद्यंत हकीकत लिहून ठेविली ती येणेंप्रमाणे. बहुत लोकांनी तो प्रसंग मोबाइलात धरिला, परंतु मोबाइलात चेहरे तेवढे आले, चेहऱ्यांमागील गोष्ट आली नाही, सबब हा लेखनप्रपंच.

खासे मारोतराव बिन नामदेवराव इंगोले, हास्यमुलुखाचे नामांकित सरदार, मूळचे दिग्रसचेच. तरुणपणी कापसाच्या जिनिंगात रुईच्या गाठी वाहत असत. त्या समयी बाजारपेठेत बबनराव टेलर म्हणोन थोर पुरुष होते, ते दिवसा पायजमे शिवीत आणि सांजेस नाटकमंडळी चालवीत. त्यांची नजर या गाठी वाहणाऱ्या पोरावर पडली आणि त्यांणी यांस मंडळीत घेतले, बोलावे कसे, थांबावे कोठे, मार खाल्ल्यावर उठावे कसे, ही सर्व विद्या दिधली. मग नशिबाने उचल खाल्ली आणि मारोतराव मुंबईस कूच करते जाहले. तेथे पडद्यावर त्यांणी पराक्रम केले ते ऐसे की, चिखलात पडले, विहिरीत पडले, म्हशीने उडविले, बायकोने लाटण्याने झोडपिले, आणि हिरोने तर विनाकारण थोबाडात दिली. दुसरे सरदार लढाया जिंकोन नावारूपास येतात, हे हरून हरून मोठे जाहले.

परंतु या कीर्तीचा जाचही तितकाच. मुतखडा होऊन खासे दवाखान्यात कण्हत पडले, तो कंपाउंडर पोट धरोन हसू लागला आणि म्हणाला की, पुन्हा एकदा तैसेच कण्हा, व्हिडिओ करितो. सोयरीक पाहावयास गेले, तेथे मुलीचा बाप हसत सुटला आणि हसता हसता होकार देऊन बसला, त्यामुळे रुपालीबाईंसारखी शहाणी बायको पदरी पडली, इतकाच काय तो फायदा. एरवी खासे रागावले तरी लोक हसत, आजारी पडले तरी हसत.

ऐसे असता बबनराव टेलर निवर्तले. खबर मुंबईस पोहोचली तेव्हा खासे चित्रीकरणात होते, आणि चित्रीकरण ऐसे की गोठ्यात शेणावरून घसरणे. घसरून उठले आणि फोन घेतला. पलीकडे बबनरावांचे कुटुंब इंदुताई होत्या.

"मारोती, सभा ठेवली हाय," त्या म्हणाल्या. "नेते लोकं बोलतीन, त्याहिले मी काहून अडवू? पन तू बोल. तुह्या काकाले तूच वळखतं. फक्त एक कर बाप्पा, हासू नको आनू कोनाले. एक डाव लोकं त्याच्यासाठी चूप बसले पायजे."

मारोतरावांनी होय म्हटले, आणि फोन ठेविल्यावर त्यांस घाम फुटला. आजवर त्यांणी कैक लोक हसविले होते, परंतु हसणाऱ्यास थांबविण्याची विद्या त्यांपाशी नव्हती, आणि ती शिकविणारा उस्ताद तर वारला. रात्रंदिवस एकच घोर लागला की, काकूंच्या देखत काकांचा तमाशा होईल आणि तो आपल्याच तोंडाने होईल.

मग रुपालीबाईंशी मसलत केली. मसलतीत ठरले की, पांढरा सदरा घालावा, मान खाली ठेवावी, हात हलवू नये. इतक्याने भागेना म्हणोन खाशांनी आरशापुढे बसोन आपली मुलुखमशहूर मिशी सफाचट केली. रुपालीबाई आल्या, पाहिले, आणि तोंडास पदर लावून मटकन खाली बसल्या.

"हे काय करून ठेवलं तुमी? आता तं मलेबी हासू येऊन राह्यलं!"

ऐसा पहिलाच मोर्चा घरात ढासळला. तरी खासे खचले नाहीत. यवतमाळाहून एसटीत बसले, वाहकाने तिकीट फाडता फाडता ओळखिले आणि सगळी गाडी दिग्रसपर्यंत खदखदत गेली.

सभा मंगल कार्यालयात होती. माणूस मावेना इतकी गर्दी, कारण बबनरावांनी शिवलेले कापड ज्याच्या अंगावर चढले नाही ऐसा गडी दिग्रसात विरळा. व्यासपीठावर हार घातलेली तसबीर, पुढे इंदुताई. प्रथम नगरपरिषदेचे अध्यक्षसाहेब उठले. त्यांणी मयतास अथपासून इतिपर्यंत "बाबाराव" म्हटले, मग नालीचे बांधकाम कसे रखडले ते सांगितले, आणि येत्या निवडणुकीत लक्ष असो द्यावे म्हणोन डोळे पुसले. सभा गंभीर. दुसरे उठले, त्यांणी स्वतःची कविता म्हटली, ती पावसावर होती. सभा गंभीर. तिसऱ्यांनी मयतास उदंड आयुष्य चिंतिले, तरी कोणाच्या ओठाची कड हलली नाही.

मग मारोतरावांचे नाव पुकारले, आणि खासे उभे राहतात न राहतात तोच मागल्या बाजूस खसखस सुरू जाहली.

खाशांनी मान खाली घातली, तरी मिशीविना बोडका ओठ दिसलाच आणि खसखशीचा हशा जाहला. म्हणाले, "बबनकाका गेले." हशा. म्हणाले, "मी आज अॅक्टिंग नाई करून राह्यलो." त्यावर तर शिट्ट्या वाजल्या. खाशांच्या डोळ्यांतून खरेच पाणी आले, तेव्हा कोणी बहाद्दर ओरडला, "वा भाऊ, काय रडते!" आणि शेकडो मोबाइल उंच जाहले. अध्यक्षसाहेबही हसो लागले. इंदुताईंनी तेवढा पदर डोळ्यांस लाविला आणि मान वळविली.

ते खाशांनी पाहिले. वाटले, धरणी दुभंगावी, मुंबई नको, सिनेमा नको, रुईच्या गाठी बऱ्या होत्या. मैदान सोडावे म्हणोन वळले, आणि वळताच तसबीर समोर आली. मग काय मनात आले कोण जाणे, माइक तेथेच ठेविला आणि सभेकडे पाठ करून तसबिरीपुढे मांडी घालोन बसले.

युद्धात पाठ दाखविणे ही नामुष्की, परंतु येथे उलटेच घडले. ज्या चेहऱ्यावर हशाची सारी मदार, तो चेहराच सभेस दिसेना, आणि माइक नसल्यामुळे शब्द ऐको येईना. ऐको यावे तर गप्प बसणे भाग. पुढल्या रांगा गप्प जाहल्या, त्यांणी मागल्यांस दटाविले, आणि पाहता पाहता पंख्यांची घरघर तेवढी राहिली.

खासे तसबिरीशी बोलत होते. "काका, मले पयलं नाटक भेटलं तवा माह्या जवळ धड सदरा नोयता. जमीनदाराचा पार्ट, आन् अंगात बनियन. तुमी म्हटलं, थांब. दुसऱ्या दिवशी कोट आनला. काळा, चमकीचा. तो घालून पयल्या डाव मले वाटलं का आपुनबी कोनीतरी हाव. मंग समजलं, तो तुमचा लग्नाचा कोट होता. उसवून माह्या मापाचा केलता. मी म्हटलं, काकू काय म्हनन? तुमी म्हटलं, सांगतलं तिले, उंदरानं कुतरला म्हनून. तुमच्यानंतर माह्या मापाचं कोनी शिवलंच नाई, काका. अजूनबी सारे कपडे ढिलेच होते मले."

दाराशीचे रिक्षावाले टोप्या काढून उभे, मोबाइल खाली आले. ही शांतता खाशांच्या पाठीवर येऊन बसली. आयुष्यात प्रथमच सभा त्यांच्यासाठी चूप जाहली होती, आणि वळून पाहण्याची त्यांस छाती होईना.

इतक्यात इंदुताईंचा आवाज उठला.

"म्हंजे उंदीर नोयते?"

खासे गर्रकन वळले. "नाई काकू."

"आरे, मी तं त्या कोटापायी घरात बोका पोसला! दूध मागे मेला सकाळ-संध्याकाळ! आन् हे माह्यासोबत बसून त्या बोक्याले पोळी चारत होते!"

इतके बोलोन त्या माउली हसो लागल्या, हसता हसता रडो लागल्या, आणि मग सगळी सभा हसली. त्या हशात मारोतरावांकडे कोणी पाहत नव्हते. सर्वांच्या नजरा तसबिरीकडे होत्या, जेथे बबनराव टेलर गळ्यात टेप टाकोन मोठ्या साळसूदपणे बसले होते. खाशांनीही हसून घेतले, मग काकूंच्या पायाशी बसोन मनसोक्त रडले, आणि त्यांस रडताना पाहून कोणी हसले नाही.

येणेंप्रमाणे कसबे दिग्रस येथील शोकसभेत मारोतराव इंगोले यांणी हशाची अफाट फौज एकट्याने थोपविली, शांततेचा किल्ला काबीज केला, आणि जिंकलेला किल्ला त्याच ठायी राजीखुशीने इंदुताईंचे हवाली केला. बबनराव टेलर यांस साजेसा निरोप मिळाला. उभयपक्षी कोणी जायबंदी नाही. फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.